साथीला वाद्यवृंद

दिवाळीचे पहिले अभ्यंगस्नान उरकून, अंगाचा उटण्याचा वास अजून गेला नाही तोच, आमच्या सदरमधली बरीच कुटुंबे पहाटेच्या गाण्याला जातात. त्याला ‘दिवाळी पहाट’ म्हणतात. मीही जातो. सौभाग्यवती नव्या साडीत, मुले पेंगुळलेली, आणि मांडवात शिरताच हातात मसाल्याच्या दुधाचा कागदी पेला. इथवर सारे मंगल असते. मग निवेदक माईकपुढे येतो.

पहिले गाणे कोणते हे सांगण्याआधी तो कवीचे गाव सांगतो, कवीचे दारिद्र्य सांगतो. संगीतकाराला चाल आगगाडीत सुचली की टांग्यात, तेही सांगतो. मूळ गायिकेला त्या दिवशी ताप होता, तरी ती कशी गायली, हे सांगताना त्याचा स्वतःचा गळा दाटून येतो. आजची गायिका कोणाची शिष्या, तिला किती पारितोषिके, तिची मुले काय करतात, यांपैकी काही सुटत नाही. आणि अगदी शेवटी, श्वास संपत आल्यावर, तो चार शब्द टाकतो : “आणि साथीला आपला वाद्यवृंद.”

झाले! त्या चार शब्दांत सात माणसे कोंबली जातात. त्यांतला एक व्हायोलिनवाला, एक बासरीवाला, एक ढोलकी-तबला दोन्ही सांभाळणारा, एक कोपऱ्यात बसून मंजिरीपासून खुळखुळ्यापर्यंत पंचवीस लहानमोठ्या वस्तू वेळेवर उचलणारा आणि वेळेवर ठेवणारा. गेल्या वर्षी मी मुद्दाम मध्यंतरात निवेदकाला गाठून विचारले, “बासरीवाल्यांचं नाव काय हो?” तो हसून म्हणाला, “विचारून सांगतो, सर.” तो परत आला नाही. मीही पुन्हा विचारले नाही. चिवड्याची पुडी आली आणि मी ती खात बसलो.

या लेखातला राग त्या निवेदकावर नाही. तो बिचारा आपण मागतो ते देतो. राग आपणा सर्वांवर आहे, आणि सर्वांत आधी माझ्यावर आहे; तो का, ते पुढे येईलच. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण मराठी माणसे संगीत ऐकतच नाही. आपण कविता ऐकतो, आणि तिला चाल लावलेली असली तर आपणास बरे वाटते. शब्द संपले, की आपले कान मिटतात आणि तोंडे उघडतात. गाण्याच्या दोन कडव्यांमधली जागा ही आपल्या मते शेजारणीला साडीची किंमत विचारण्यासाठी ठेवलेली असते.

आता माझी कबुली ऐका. मी व्यवसायाने मास्तर आहे. शिक्षण बेताचे, मॅट्रिकपुरते. पण चार कादंबऱ्या छापून आल्यामुळे, शाळा कोणतीही असो, तिच्या स्नेहसंमेलनाच्या निवड समितीवर मला हटकून घेतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, नववीतला एक मुलगा आमच्यापुढे उभा राहिला. बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. मुलाच्या हातात वाद्य नव्हते, मोबाईल होता. तो म्हणाला, “सर, मी एक वाजवलं आहे. ऐकता का जी?”

त्याने लावले. सतरा मिनिटांचे ते होते. पहिल्याने बुलबुलतरंगावर एक लहानशी सुरावट, पाच-सहा सुरांची, पुन्हा पुन्हा येणारी. तिच्यावर बाजाची पेटी चढली. मग माउथऑर्गन, मग ढोलकी, मग बापाचे क्लॅरिनेट, मग स्टीलच्या थाळीवर चमच्याचा ठेका. सारी वाद्ये त्याची त्यानेच वाजवली होती. एक वाजवायचे, ते ऐकत ऐकत त्यावर दुसरे चढवायचे, अशी महिनाभर रात्री जागून. आणि शेवटी, सारे आवाज एकत्र आले असताना, एक खणखणीत लोखंडी टोल पडला. आम्ही सारे दचकलो. तो आमच्या ओळखीचा आवाज होता. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे. शिपाई त्यावर तास वाजवतो. शाळा सुटल्यावर मुलाने तो वाजवून घेतला होता.

समितीत क्षणभर शांतता झाली. मग एक बाई म्हणाल्या, “छान आहे रे. पण यात गाणं कुठं आहे?” दुसऱ्या गृहस्थांनी छापील तक्ता काढला. त्यात वैयक्तिक गायन होते, समूहगीत होते, नृत्य होते, नाटिका होती, एकपात्री होते. हे कुठल्या रकान्यात घालावयाचे? कोणी म्हणाले, पालक कंटाळतील. कोणी म्हणाले, नाटिकेच्या मागे पार्श्वसंगीत म्हणून तीनेक मिनिटे लावू. हात वर करून मत घेतले. नकाराच्या बाजूला जे हात वर गेले त्यांत माझा होता. मी चार कादंबऱ्यांचा लेखक! मला वाटले, ज्यात सांगितलेले काही नाही ते लोकांनी ऐकावे कशाला?

मुलाला आम्ही समूहगीतामागे ढोलकीला बसवले. कार्यक्रमपत्रिकेत छापले होते : ‘साथसंगत : शाळेचे विद्यार्थी’.

हे मी विसरूनही गेलो असतो. पण आमच्या सदरमध्ये तऱ्हेतऱ्हेची माणसे राहतात. इथे रविवारी सकाळी चर्चची घंटा ऐकू येते, शुक्रवारी अजान, आणि मंगळवारी बाजाराकडून लग्नसराईत बँडचा कल्लोळ. माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गोवेकर गृहस्थ राहत. त्यांना मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी मला घरात नेले, आरामखुर्चीत बसवले, कपाटातून एक जुनी तबकडी काढली आणि म्हणाले, “मास्तर, वीस-पंचवीस मिनिटे बोलायचं नाही.” तबकडीच्या वेष्टनावर समुद्र होता आणि आकाशात वाकवलेली एक चकचकीत धातूची नळी.

तबकडीचे नाव ‘ट्यूब्युलर बेल्स’. म्हणजे घंटेचा नाद देणाऱ्या लांब पोकळ नळ्या. चौकटीला टांगून हातोडीने वाजवतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात देवळाच्या घंटेचा भास करावयाचा असला, की त्या काढतात. तबकडी करणारा माइक ओल्डफील्ड हा इंग्रज मुलगा १९५३ सालच्या मे महिन्यात जन्मलेला, आणि तबकडी निघाली ती १९७३ सालच्या मे महिन्यात. म्हणजे तो नुकता वीस वर्षांचा झाला होता. त्या काळी तिकडे रॉक संगीतात एक पंथ निघाला होता. तीन मिनिटांचे प्रेमगीत पुरे झाले, आपण वीस-वीस मिनिटांच्या मोठ्या रचना करू, त्यांत अनेक राग-रंग बदलू, अशी त्या पंथाची उमेद. त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणत. पण ओल्डफील्डने आणखी एक पाऊल टाकले. त्याने मंडळी जमवली नाहीत. गिटारी, पियानो, ऑर्गन, मँडोलिन, लहान घंट्या आणि त्या नळ्या, असे बहुतेक सारे त्याने एकट्याने वाजवले, एकावर एक चढवले.

आणि त्याची सुरुवात कशी झाली, ते ऐका. एका स्नेह्याचे उसने आणलेले टेपरेकॉर्डर त्याच्याजवळ होते. टेपरेकॉर्डरची रीत अशी, की फितीवर नवे उमटवण्यापूर्वी एक भाग जुने पुसून टाकतो. या मुलाने त्या पुसणाऱ्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा बसवला. जुने पुसले जाईना, आणि त्यावर नवे चढू लागले! ही फीत घेऊन तो कंपन्यांची दारे फिरला. त्यांना ती विकाऊ वाटली नाही. अखेर ऑक्सफर्डजवळच्या एका जुन्या वाड्यात नवे ध्वनिमुद्रणगृह निघत होते, तिथे त्याला जागा मिळाली. व्हर्जिन या नव्या कंपनीची ती पहिलीच तबकडी ठरली. तिथेही गाण्याचा आग्रह झालाच. त्यावर त्याने काय करावे? दुसऱ्या बाजूच्या मध्यावर एखाद्या आदिमानवासारखा नुसता गुरगुरला आणि ओरडला. शब्द हवे होते ना? हे घ्या!

हे सारे मला पुढे कळले. त्या दिवशी खुर्चीत बसून मी काय करीत होतो? मी गाणे सुरू होण्याची वाट पाहत होतो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सुरावट वळते आहे, बदलते आहे, परत येते आहे, आणि मी आपला मनात म्हणतो आहे, की आता कोणीतरी गाईल. विसाव्या मिनिटाच्या सुमारास एका पुरुषाचा आवाज आला. मी सावरून बसलो. पण तो गाईना. तो निवेदक होता! मागे एकच सुरावट फिरते आहे, आणि तो एकेका वाद्याचे नाव घेतो आहे, अगदी दरबारात सरदाराच्या नावाचा पुकारा करावा तसे. नाव घेतले, की ते वाद्य पुढे येऊन तीच सुरावट वाजवते आणि बाकीच्यांत मिसळते. पियानो आला, ऑर्गन आला, गिटार आल्या, मँडोलिन आले. सर्वांत शेवटी त्याने त्या नळ्यांचे नाव घेतले, आणि घंटेचा तो टोल पडला.

माझ्या अंगावर काटा आला. ओल्डफील्डमुळे नव्हे. मला रुळाचा तुकडा ऐकू आला.

त्या तबकडीत बोललेला जो मजकूर आहे, तो सारा वाद्यांची नावे सांगण्यात खर्च झाला आहे. आणि आमच्या पहाटेच्या निवेदकाचा सारा मजकूर वाद्यांची नावे न सांगण्यात खर्च होतो. ही तुलना माझ्या मनातून जाईना.

पुढे त्या तबकडीचे जे व्हायचे ते झाले. १९७३ सालच्याच अखेरीस ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटात तिचा आरंभ वापरला गेला, १९७५ साली तिला ग्रॅमी मिळाले, आणि २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात ओल्डफील्डने जगापुढे ती वाजवली. पण यशाचे कौतुक मला सांगावयाचे नाही. ती तबकडी पडली असती, तरी ऐकण्याजोगीच राहिली असती.

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, ही विलायतेची कहाणी. आपल्याकडे असले कोणी केले?’ केले आहे, महाराज; आपल्याच राज्यात केले आहे, आणि त्याच्याही आधी. १९६७ साली हिज मास्टर्स व्हॉइसने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची तबकडी काढली. शिवकुमार शर्मांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रांची आडवी ठेवून वाजवलेली गिटार आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मीरच्या दरीतल्या एका धनगराचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, एकही शब्द न उच्चारता सांगितलेला. अहिर भैरवाने उजाडते आणि पहाडीत रात्र मिटते. रॉक नव्हे, मान्य. पण सबंध तबकडीभर एकच कथा केवळ वाद्यांनी सांगावयाची हे धाडस तेच. ही तबकडी जगभर गेली. तिच्यावर तबला कोणाचा? माणिकराव पोपटकरांचा. वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, आपल्यांपैकी किती जणांच्या ओठांवर हे मराठी नाव आहे?

आणि त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ही तबकडी कंपनीत घडवून आणणारा माणूस कोण? जी. एन. जोशी. आपल्या विदर्भातले! वकिलीची सनद बाजूला ठेवून गाण्याकडे वळलेले. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ज्यांनी तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताची वाट मळवली, तेच. म्हणजे ज्या माणसाने महाराष्ट्राला शब्दांचे वेड लावले, त्यानेच तीस-पस्तीस वर्षांनी शब्दांवाचूनची ही तबकडी काढली. आणि त्या पहिल्या भावगीताचा विषय तरी काय? शीळ! तोंडाने घातलेली, पण शब्द नसलेली. आपण ‘शीळ’ लक्षात ठेवली ती तिच्या शब्दांसाठी. शिळेचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

दुसरे उदाहरण १९६८ सालचे, मुंबईचेच. शंकर-जयकिशन यांच्या नावाने ‘राग-जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, जयजयवंती, शिवरंजनी असे अकरा राग; रईस खाँची सतार, आणि तिच्या भोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, विजेच्या गिटारी आणि ड्रम. सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा. ट्रम्पेट जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, गिटारीवर अनिबल कास्ट्रो आणि दिलीप नाईक. ही नावे मी लांबण लावून लिहितो आहे, कारण मला ती लिहावयाचीच आहेत. यांतली परेरा, पाशेको, गोदिन्हो अशी आडनावे वाचली, की गोव्याच्या चर्चमधून नोटेशन शिकून मुंबईच्या स्टुडिओत आलेल्या वादकांची सारी पिढी डोळ्यांपुढे येते. आपल्या आईवडिलांच्या तरुणपणाचे निम्मे सूर या हातांनी वाजवले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त अँथनी गोन्साल्विस हे नाव घेऊन नायक नाचला, तेव्हा सारा देश हसला. ते मजोर्ड्याच्या एका थोर व्हायोलिनवादकाचे आणि शिक्षकाचे खरे नाव होते. प्यारेलालांनी आपल्या गुरूला ते वंदन केले होते. आपण वंदनालाही विनोद समजलो!

आणि अनेक वाद्ये एकट्याने हाताळणारा पाहिजे, तर मुंबईचे केर्सी लॉर्ड होते. जन्म १९३५, मृत्यू २०१६. तालवाद्ये, लहान घंट्या, अ‍ॅकॉर्डियन, पुढे विजेवरचा सिंथेसायझर. ‘आराधना’तले एकाच सलग चित्रणात घेतलेले ते गाजलेले गाणे आठवा. तुम्हाला किशोरकुमार आठवले. त्या आवाजाभोवती धुराच्या वेटोळ्यासारखे फिरणारे अ‍ॅकॉर्डियन केर्सी लॉर्डांचे आहे. ते काढून गाणे ऐका, आणि मग मला सांगा साथ कोणाला कोणाची होती ते.

मराठीतही हेच. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर वर्षभर चालले, छप्पन्न गाणी. माडगूळकर आणि फडके ही नावे आपण देवाच्या नावासारखी घेतो, आणि घ्यावीतच. त्याच गीतांमागे व्हायोलिन घेऊन प्रभाकर जोग बसलेले होते. बारा वर्षांच्या वयात ज्यांनी पुण्याच्या वाड्यावाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवले, ते जोग. पुढे त्यांनी मराठी गाणी व्हायोलिनवर अशी वाजवली, की लोकांनी त्याला नाव दिले ‘गाणारे व्हायोलिन’. या पदवीबद्दल जोगांचा आदर राखून मला दोन शब्द बोलू द्या. व्हायोलिनला आपण दिलेली सर्वांत मोठी शाबासकी कोणती? ते गाते, म्हणजे ते व्हायोलिन वाटत नाही! जोगांच्या गजातून शब्द ऐकू येतात म्हणून आपण माना डोलावल्या. ती त्यांची सिद्धी होती. पण आपली ती मर्यादा होती. गायकी अंग ही आपल्या संगीतातली थोर परंपरा आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण मोराला ‘नाचणारा मोर’ म्हणावे, ‘जवळजवळ माणसासारखा’ म्हणू नये.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा : आपली संस्कृतीच शब्दांची. ज्ञानोबा-तुकोबांनी आपल्याला शब्द दिले. त्यामुळे शब्दांवर प्रेम असणारच. उत्तम! पण वारीतून मृदंग आणि टाळ काढून पाहा, पावले पडतील का? लग्नात सनई कोणते शब्द गाते? तरी नवरीची आई सनई लागली की डोळ्यांना पदर लावते. गणपतीच्या ढोलताशात कोणते काव्य आहे? म्हणजे शब्दांवाचून आपल्याला भरून येते, हे सिद्धच आहे. फक्त भरून आल्यावर त्याचे श्रेय वाजवणाऱ्याला द्यावयाचे, हे आपल्याला जमत नाही.

ते का जमत नाही, हेही स्पष्ट बोलू. मंगल कार्य आत आणि वाजंत्री मांडवाबाहेर, ही आपली जुनी बैठक आहे. मंत्र म्हणणारा आत पाटावर. सनई, संबळ, डफ, हलगी वाजवणारा दाराशी, आणि त्याची पंगत शेवटी. जी जात चामडे हाताळील, जी जात ओठांनी फुंकील, तिने बाहेर बसावे. आज मांडव मंगल कार्यालयात गेला, पण बैठक तीच राहिली आहे. ‘आणि साथीला आपला वाद्यवृंद’ या चार शब्दांत मला ती शेवटची पंगत दिसते. बँडवाल्याच्या मुलाला आम्ही ढोलकीला बसवले तेव्हा आम्ही नवे काही केले नाही; फक्त त्याची पिढीजात जागा त्याला दाखवली. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण मत देताना तो फार हलका झाला होता.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा : सॅक्सोफोनवर मालकंस म्हणजे भेसळ, विजेची गिटार म्हणजे परकी. अहो, व्हायोलिन कोठून आले? क्लॅरिनेट कोठून आले? बाजाची पेटी तर फिरंग्यांचीच. १९४० साली आकाशवाणीने तिला हद्दपार केले, आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. तरी घराघरांतल्या भजनांतून पेटी हलली नाही. गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर मैफली गाजवल्या. आपल्या नाट्यसंगीताचा आत्मा ज्या ऑर्गनच्या सुरात भिजला, तो ऑर्गन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला. पाहुणा पन्नास वर्षे घरात राबला, की त्याला परका म्हणावयाचे नाही, एवढी सभ्यता आपल्यात असावी.

तिसरा आक्षेप मला आमच्या समितीतल्या बाईंनी पुढे घातला होता, आणि तो सर्वांत वजनदार आहे. त्या म्हणाल्या, “एकट्यानं यंत्रावर थर चढवायचे ही कसली कला? चार जणांनी मिळून वाजवण्यात जी देवघेव असते ती यात कुठं?” हे खरे आहे. एकट्याच्या रचनेत ती देवघेव नाही. पण कादंबरी लिहिताना माझ्याजवळ तरी कोण असते? सासूही मीच बोलतो आणि सूनही मीच. त्याला आपण कला म्हणतो. मग बुलबुलतरंग आणि क्लॅरिनेट यांना एकट्याने बोलते करणाऱ्या मुलाला ती सवलत का नाही? शिवाय त्याला चार जण कोणी दिले होते? शाळेत वाद्यांचा तास नव्हता. सोबती नव्हते, म्हणून तो एकटा होता. आपण आधी सोबत नाकारावयाची, आणि मग एकटेपणाबद्दल गुण कापावयाचे!

तेव्हा या दिवाळीत माझी मागणी मोठी नाही. एक : पहाटेच्या कार्यक्रमात वाद्यवृंदातल्या प्रत्येकाचे नाव आणि वाद्य आरंभीच सांगावे, कवीच्या दारिद्र्याच्या आधी. वर्गणी आपण देतो, तेव्हा हे मागण्याचा हक्क आपला आहे. दोन : दर कार्यक्रमात दहा मिनिटे शब्दांवाचूनची असावीत, आणि ती निवेदकाला दूध पिता यावे म्हणून ठेवलेली नसावीत. तीन : शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या तक्त्यात ‘वादन’ हा रकाना छापावा. कागद तेवढाच लागतो. चार : फराळाच्या ताटांभोवती घर जमले असताना ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची एक बाजू लावावी आणि तेवढा वेळ कोणी बोलू नये. आजकाल तबकडी शोधावी लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर सारे मिळते. पहिली दहा मिनिटे तुम्ही गाण्याची वाट पाहाल. मीही पाहिली होती. नंतर वाट पाहणे थांबते आणि ऐकणे सुरू होते.

त्या मुलाला मी शोधले. शेजाऱ्यांची तबकडी ऐकल्यावर चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो बापाबरोबर बँडमध्ये जाऊ लागला होता. अंगात लाल डगला, खांद्यावर सोनेरी झूल. मी म्हणालो, “ते सतरा मिनिटांचं मला पुन्हा ऐकायचं आहे.” तो म्हणाला, “मोबाईल फुटला, सर. त्याच्यातच गेलं.” मी म्हणालो, “पुन्हा कर. मी सारी व्यवस्था करतो.” तो जरा वेळ डगल्याच्या गुंड्या लावत राहिला. मग अगदी साधेपणाने, मलाच समजावून सांगावे तसा म्हणाला, “त्यात गाणं नव्हतं ना जी.”

तो आमचा निकाल त्याने पाठ केला होता. मास्तर म्हणून इतक्या वर्षांत मी मुलांना पुष्कळ कविता पाठ करून घेतल्या. इतकी पक्की कोणतीच झाली नाही.

शाळेत तो रुळाचा तुकडा अजून टांगलेला आहे. तास झाला की शिपाई त्यावर टोल देतो, आणि माझ्या वर्गातली मुले वह्या मिटतात. मी मात्र टोलाचा शेवटचा सूर विरेपर्यंत खडू हातात धरून उभा राहतो. मुले म्हणतात, मास्तर हल्ली विसरभोळे झाले. झालो असेन. पण यंदाच्या पहाटेला मी त्या निवेदकाला गाठणार आहे, आणि तो ‘विचारून सांगतो’ म्हणाला, तर मी चिवडा खात बसणार नाही. मी स्वतः रंगमंचामागे जाऊन सातही नावे कागदावर लिहून आणीन, आणि ती मोठ्याने वाचल्याशिवाय खाली उतरणार नाही. तुमच्या गावी ते काम तुम्ही करा.